आधी समोरच्याची बाजू

आमच्या जिन्यातल्या झाडून सगळ्या बिऱ्हाडांची मला खडान्‌खडा माहिती आहे. कुणाच्या घरी कुणाशी अबोला आहे, कोण औषध घेतो आणि कोण घेतलं म्हणून सांगतो, सगळं. ही माहिती मी कष्टाने मिळवलेली आहे. दार अर्धवट उघडं ठेवून, कचऱ्याची बादली दिवसातून तीनतीनदा खाली नेऊन. समोरच्या सरांच्या बाबतीत मात्र माझं सगळं कसब वाया गेलं. त्यांना काहीही विचारलं की ते सरळ सांगून टाकायचे, वर विचारायचे, "आणखी काही माहिती हवी आहे का?" अशाने शेजारणीने करायचं काय?

सर विद्यापीठात लोकप्रशासन शिकवायचे. त्यांचा खास विषय स्थानिक स्वराज्य संस्थांची स्वायत्तता. तुमच्याआमच्या भाषेत सांगायचं तर गावाचा कारभार गावाने करायचा की वरच्यांनी, आणि गावाने करायचा असं ठरलं तरी वरचे तो खरोखर किती करू देतात. एवढ्या एका प्रश्नापायी माणसाने उभा जन्म काढला. आमच्या घरात हा प्रश्न लग्नानंतर पंधरवड्यात निकाली निघाला होता, पण ते असो.

एकदा खाली गाडी कुणी कुठे लावायची यावरून जिन्यात हमरीतुमरी झाली. सर नुकतेच राहायला आले होते. ते मध्ये पडले आणि शांतपणे म्हणाले, "याचं उत्तर नियमात नाही, पण त्याच्या पोटकलमात आहे." भांडण जागच्या जागी थांबलं, कारण दोन्ही बाजूंना हसू आवरेना. आमचे हे वर्षातून दोनचारच वाक्यं बोलतात, वजनकाटे दुरुस्त करून करून तेही काट्यासारखेच झालेत, मोजूनमापून हलतात. त्या दिवशी घरात येऊन चपला काढता काढता म्हणाले, "पोटकलम बरं आहे हं." झालं. तेव्हापासून सर आमच्या जिन्यात पोटकलम. तोंडावर अर्थातच सर.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खुर्च्या बक्कळ होत्या, पण बसता येईल अशी एकच, ती त्यांची. बाकीच्यांवर वेगवेगळ्या गावांचे अहवाल बसलेले. पाहुण्याला बसायचं झालं तर आधी कुठल्या तरी गावाचा अर्थसंकल्प उचलून जमिनीवर ठेवावा लागे. मी गेले की सर धांदलीने उठून विचारायचे, "यातलं कुठलं हलवू?" मी म्हणायचे, "जे गाव सगळ्यात कर्जबाजारी असेल ते." त्यावर ते खरंच विचार करत उभे राहायचे.

स्वयंपाकघरात एक पातेलं, एक तवा आणि मीठ ठेवायची एक सुंदर काचेची बरणी. बरणी त्यांच्या ताईने दिलेली. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, दूरच्या शहरात असते. दर रविवारी भावाला फोन करते, आणि तो खाली ठेवला की लगेच मला. "जेवतो का गं तो?" हा पहिला प्रश्न. "जेवतात, पण वाचता वाचता. काय जेवलात विचारलं तर पान नंबर सांगतील," हे माझं ठरलेलं उत्तर. मग आम्ही दोघी मनसोक्त त्यांची निंदा करतो. माणसावर माया करायची एक पद्धत असते ती.

ताईंकडूनच मला त्यांच्या तरुणपणाचं कळलं. विद्यापीठात त्यांचे एक गुरू होते, सगळे त्यांना मोठे सर म्हणत. आमच्या सरांनी पहिलाच लेख लिहिला तो एका अधिकाऱ्याच्या मताच्या चिंधड्या उडवणारा. मोठ्या सरांनी तो न वाचल्यासारखा परत दिला आणि म्हणाले, "समोरच्याची बाजू समोरच्यापेक्षा चांगली मांडून दाखव. मग तुझी ऐकतो." दुसऱ्या कुणी हे ऐकून मान डोलावली असती आणि विसरला असता. आमच्या सरांनी ते गोंदवून घेतल्यासारखं धरलं. पुढे त्यांनी जे जे लिहिलं, त्याचा पहिला अर्धा भाग विरोधकांचा. इतका पक्का, इतका देखणा, की विरोधकांनी त्यांच्या लेखातले उतारे उचलून आपापल्या पुस्तकांत वापरले.

विभागात एक बाई होत्या, आकडेवारी शिकवायच्या. ताई त्यांना आकडेबाई म्हणतात. सर आणि आकडेबाई मिळून गावोगाव हिंडायचे, नगरपालिकांच्या सभा ऐकायचे. गावचे लोक यांना लेखापरीक्षक समजून चहाबिस्किटं द्यायचे आणि नुसते अभ्यासक आहेत असं कळलं की बिस्किटं बंद करायचे. अशा बिनबिस्किटांच्या प्रवासात दोघांचं छान जुळलं. ताईने घरात जागा करायला घेतली. शेवटी एकदाचे सर मागणी घालायला गेले. आणि तिथे त्यांनी काय करावं? आकडेबाईंनी आपल्याशी लग्न का करू नये, याची सगळी कारणं आधी मांडली. तुटपुंजा पगार, सततचा प्रवास, हट्टी स्वभाव, आकडेबाईंची परदेशातली संधी. एकेक मुद्दा दाखल्यासकट.

"मग?" मी फोनवर विचारलं.

"मग काय. तिला पटलं," ताई म्हणाल्या.

ताई तिखटमीठ लावण्यात माझ्या वरताण आहेत, त्यामुळे गोष्ट किती खरी ते देव जाणे. मी एकदा सरांनाच विचारलं. ते म्हणाले, "साधारण तसंच. पण प्रवासाचा मुद्दा मी इतक्या जोरात नव्हता मांडला." एवढं म्हणून चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांचा विषय वाळत गेला. मुलांना कंपन्या कशा चालतात ते हवं होतं, नगरपालिका कशा चालत नाहीत ते नको होतं. विभागच व्यवस्थापनाच्या विभागात विरघळवून टाकला. सरांची खोली गेली, मग कपाट गेलं. शेवटच्या वर्षी वर्गात एकच विद्यार्थी होता, आणि तो या विषयाला आला होता कारण ह्या तासाची वेळ त्याच्या नोकरीला सोयीची होती. निरोप समारंभात कुलगुरूंनी सरांच्या पर्यावरणातल्या कामगिरीची तोंड भरून स्तुती केली. कुणाच्या तरी भाषणाच्या कागदाची अदलाबदल झाली होती. सरांनी उत्तरादाखल बोलताना पर्यावरणवाल्यांचे आभार मानले आणि घरी आले.

त्यानंतर मला वाटलं, हा माणूस आता भिंतीला टेकून बसणार. पण तसं झालं नाही, कारण आमच्या गावाला नगरपालिका होती.

नगरपालिकेची इमारत अगदीच साधी. खाली घरपट्टीची खिडकी, जन्ममृत्यूचे दाखले, आणि वर सभेचं दालन. सोमवारी सभा भरायची. सभेला कुणीही नागरिक जाऊन मागे बसू शकतो, हे मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल, आणि बहुतेक नगरसेवकांनाही नव्हतं. सर जाऊ लागले. कोट घालून, इस्त्रीची घडी मोडू न देता. तिथला शिपाई त्यांच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवायला लागला. नगरसेवकांना आधी धास्ती वाटली. मग सवय झाली, आणि सवयीची चेष्टा.

मी एकदाच गेले होते. रस्त्यावरच्या नव्या दिव्याचा झोत थेट आमच्या बिछान्यावर पडत होता, त्याची तक्रार घेऊन. तिथे जे पाहिलं ते बघून मी माझा दिवाच विसरले. सर आत शिरले तशा नगराध्यक्षबाई म्हणाल्या, "सर आले, गणपूर्ती झाली. करा सुरू." ह्या बाईंचं आमच्या रस्त्यावर औषधांचं दुकान आहे, सगळे त्यांना औषधवाल्या बाई म्हणतात, आणि सभाही त्या दुकानासारखीच चालवायच्या, दे चिठ्ठी, पुढचा कोण, अशा.

एक नगरसेवक होते, त्यांना दर सभेत गटारावर बोलायचं असायचं. बोलता बोलता ते मागे वळले. "सर, हे गटार आपलं आपण वळवू शकतो का?"

"वळवू शकता," सर म्हणाले. "पण..."

"पण वरून मंजुरी लागते," अख्ख्या सभेने एका सुरात म्हटलं, आणि सगळ्यात मोठ्याने हसले ते सर. मी त्यांना इतकी वर्षं समोर पाहत होते. त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले.

घरी येताना जिन्यात म्हणाले, "आज चहात साखर जास्त होती नाही?" नगरपालिकेचा चहा, तो काय असणार. पण सोमवार आला की त्यांच्या दाराची कडी लवकर वाजायची, आणि मंगळवारी ते मला सभेची हकिगत सांगायचे, कोण उठलं, कोण बसलं, गटार किती पुढे सरकलं. बुधवारपासून पुन्हा त्यांच्या घरात पान उलटल्याचाही आवाज नसे.

आणि मग हद्दवाढीची बातमी आली. शेजारचं मोठं शहर वाढत वाढत आमच्या वेशीला टेकलंच होतं. आता वरच्यांनी ठरवलं होतं की आमचं गाव त्या शहराच्या महापालिकेत घालायचं आणि आमची नगरपालिका बंद करायची. हरकती ऐकायला एक समिती बसणार होती.

खरं सांगायचं तर आमच्या जिन्यात कुणाचीच हरकत नव्हती. शहरात गेलो की मोठी जलवाहिनी येणार, दवाखाना येणार. आमच्या ह्यांनी त्या महिन्याचं वाक्य त्यावरच खर्च केलं. म्हणाले, "बस येईल." मलाही पाणी हवंच होतं. चौथ्या मजल्यावर बादली नेऊन बघा, मग स्वायत्ततेवर बोला.

एका संध्याकाळी औषधवाल्या बाई आणि गटारवाले नगरसेवक सरांच्या घरी आले. मी चहा घेऊन गेले. चहा कुणी मागितला नव्हता, पण रिकाम्या हाताने आत जाता येत नाही. बाईंनी एका गावाचा अर्थसंकल्प स्वतःच उचलून खाली ठेवला आणि बसल्या.

"सर, आम्ही काही बोललो की म्हणणार, खुर्ची जाते म्हणून ओरडतायत. तुम्ही बोला. तुमचा शब्द कुणी असा उडवून लावणार नाही. तुमचा यात काही स्वार्थ नाही."

"तसं नाही, माझाही..." सर म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "बोलतो."

त्यानंतर ते जे लिहायला बसले ते बसलेच. माझं सरांच्या घरी जाणं वाढलं, कारण ताईंना रोजचा अहवाल लागायला लागला होता. एकदा मी सरळ विचारलं, "बाजू कशी मांडणार?"

"आधी विलीनीकरणाच्या बाजूचे मुद्दे. मग माझे."

"सर, तिथे घंटा असते म्हणे. आधी आपलं म्हणणं सांगा, उरलाच वेळ तर त्यांचं."

"तसं केलं तर तो प्रचार होतो."

"होऊ दे की प्रचार. निवडणुकीत काय करतात?"

"मी निवडणुकीला उभा नाही," ते म्हणाले, आणि मला त्यांच्या आवाजात मोठे सर ऐकू आले. मी त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही, पण त्या दिवशी दोन धपाटे घालावेसे वाटले.

सुनावणी वरच्यांच्या कचेरीत होती. सरांबरोबर जायला कुणी नव्हतं म्हणून मी गेले. म्हणजे मला बघायचंच होतं, पण कारण चांगलं मिळालं. लांबट दालन, एका टोकाला टेबलामागे समिती, मधे बोलणाऱ्याने उभं राहायची जागा, मागे बाकं. औषधवाल्या बाई, गटारवाले आणि बाकीचे नगरसेवक मागे ओळीने बसलेले, परीक्षेला आलेल्या मुलांसारखे. आधी कुणी कुणी बोलून गेले. एकाला बस हवी होती. एकाला शहराचा मालमत्ता कर नको होता. गटारवाले उभे राहिले आणि घंटा वाजल्यावरही बोलत राहिले, तेव्हा त्यांना बसवावं लागलं. समितीचे लोक डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखे ऐकत होते.

मग सर उभे राहिले.

मी त्यांना शिकवताना कधी ऐकलं नव्हतं. आवाज चढला नाही, पण दालनातली कुजबुज आपोआप थांबली. त्यांनी विलीनीकरणाची बाजू घेतली. पाण्याचा स्रोत एकच आहे, तर दोन कारभारी कशाला. लहान नगरपालिकेला चांगला अभियंता परवडत नाही, आणि जो परवडतो त्याला टिकवता येत नाही. हद्दीच्या अलीकडे राहून पलीकडच्या सोयी वापरणाऱ्यांचा भार कुणी उचलायचा. आणि लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, याचाच अर्थ असा की ज्याची ओळख नाही त्याची कुणी दाद घेत नाही. समितीतल्या एका बाईंनी पेन उचललं. दुसऱ्याने मान हलवली. अध्यक्ष पुढे झुकून ऐकू लागले. अहो, माझं आधीच ठरलेलं मत आणखी पक्कं झालं. मला तिथल्या तिथे शहरात जावंसं वाटलं.

सरांनी पाण्याचा घोट घेतला. कागद उलटला. "आता," ते म्हणाले, आणि घंटा वाजली.

"फार मुद्देसूद," अध्यक्ष म्हणाले. "आजच्या दिवसातलं सगळ्यात उपयोगी निवेदन. आभारी आहोत, सर."

"माझं म्हणणं अजून व्हायचं आहे."

"लेखी दिलंय ना?"

"दिलंय."

"मग काळजीच नको. वाचू आम्ही. पुढचे कोण?"

लेखी जे दिलं होतं त्याचाही पहिला अर्धा भाग तोच होता, हे मला माहीत होतं. वाचणारे किती पानं वाचतात, हेही आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सर क्षणभर तिथेच उभे राहिले. मग कागद नीट घडी करून वळले. मागच्या बाकांवर कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं. औषधवाल्या बाई पर्सचा बंद लावत होत्या, लागलेला बंद पुन्हा पुन्हा.

बसमध्ये ते खिडकीशी बसले. म्हणाले, "वेळेचा अंदाज चुकला."

मी म्हटलं, "आकडेबाईंच्या वेळी तरी घंटा नव्हती." तोंडातून निसटलं. ते हसले, शिष्टाचार म्हणून. मग मी आमचा थांबा येईपर्यंत गप्प बसले. आमच्या ह्यांना हे सांगितलं तर ते विश्वासच ठेवेनात.

समितीचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की या विषयातल्या ज्येष्ठ अभ्यासकांनीही विलीनीकरणाचे फायदे सविस्तर मांडले आहेत. पेपरवाल्यांनी त्याचा मथळा केला. ताईंनी तिकडे वाचलं आणि रविवारची वाट न बघता मला फोन केला. "हा त्यांच्या बाजूचा कधी झाला गं?" मी सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "बावळट आहे तो." आणि फोन ठेवला. त्यांना निंदा करायचीही इच्छा राहिली नव्हती.

नगरपालिकेची शेवटची सभा झाली. सर गेले. मी नको म्हटलं होतं. मी बाहेर थांबते म्हणून त्यांच्याबरोबर गेले आणि थांबले नाही, दाराशी उभी राहिले. खिडकीजवळची खुर्ची होती तिथेच होती. शिपायाने चहाही दिला. फक्त गणपूर्तीचं कुणी बोललं नाही. गटारवाले शेवटचं भाषण करताना एकदा सवयीने मागे वळले, सरांकडे पाहिलं, आणि पुन्हा समोर बघून बोलू लागले. सभा संपल्यावर सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले. कुणी रडलं. सर रांगेच्या टोकाला उभे होते. औषधवाल्या बाई त्यांच्यापाशी आल्या.

"सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

एवढंच. आता खरं तर सांगायला चांगली संधी होती. घंटेचं, उरलेल्या कागदाचं, सगळंच. सर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

जिन्यात मी त्यांना फैलावर घेतलं. "बरोबर कसं? अहो, चूक आहे त्यांचं. तुम्ही सांगितलं का नाही?"

"त्यांनी जेवढं ऐकलं, त्यावरून त्यांचा निष्कर्ष बरोबरच आहे," ते म्हणाले आणि कुलूप उघडायला लागले. किल्ली काही केल्या लागेना. मी घेऊन उघडून दिलं.

महिनाभराने महापालिकेकडून एक तरुण अधिकारी आला, हातात फुलांचा गुच्छ. सरांना सल्लागार मंडळावर घ्यायचं होतं. न्यायला गाडी येणार, बसायला खोली मिळणार. ज्याची विद्यापीठाने खोली काढून घेतली, त्याला खोली. मी माझ्या दारात रेंगाळत होते.

"साहेबांना तुमची मांडणी फार आवडली," तो पोरगा म्हणाला.

"ती माझी नव्हती," सर म्हणाले.

त्याला वाटलं विनय आहे. तो आणखीच आदराने हसला. सरांनी गुच्छासकट त्याला परत पाठवलं, आणि जाताना जिना जपून उतर म्हणाले.

पाणी आलं, हे मान्य करायला हवं. चौथ्या मजल्यावर जोरात येतं. बसही आली. आमचे हे रोज बसने जातात आणि त्यावर एकही वाक्य बोलत नाहीत, म्हणजे समाधानी आहेत. नगरपालिकेच्या इमारतीत खाली कराची खिडकी राहिली आणि वरच्या दालनात शहराच्या नव्या कचरापेट्या रचून ठेवल्या. महापालिकेची सभा फार दूर असते आणि मागे बसायला आधी पास काढावा लागतो, असं ऐकते. सर गेले नाहीत. सोमवारी कडी वाजेनाशी झाली. मंगळवारी मला सांगायला त्यांच्याकडे काही नसायचं. मीच मग कुणाकुणाच्या घरातलं काहीबाही सांगायचे. ते लक्ष देऊन ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "पण त्या सुनेचं म्हणणं काय आहे?"

अशाच एका सोमवारी दुपारी बेल वाजली. मी मटार सोलत बसले होते. दारात सर, अंगात कोट, हातात कागद.

"तुम्हाला वेळ आहे का? त्या दिवशीचा उरलेला भाग आहे. पहिला तुम्ही ऐकलात. एकच बाजू ऐकून राहणं तुमच्यावर अन्याय आहे."

मी म्हटलं, "बसा." ते बसले नाहीत. ओट्याला टेकून, फ्रिजकडे तोंड करून वाचायला लागले. मी शेंगा सोलत ऐकत होते. लोकांच्या सहभागाबद्दल होतं. निर्णय जवळून झाला की तो अधिक स्वीकारला जातो, याबद्दल होतं. गावोगावचे दाखले होते, काही गावांत तसं झालेलं आणि काही गावांत न झालेलं. मी प्रामाणिकपणे ऐकलं. मधे एकदा झोप लागणार होती, पण शेंगेने वाचवलं.

वाचून झालं. कागद खाली करून ते माझ्याकडे बघू लागले. असं कुणी बघितलं की मला खोटं बोलता येत नाही.

"त्यांची बाजू जास्त चांगली होती, सर."

"हो," ते म्हणाले. "लिहिताना माझ्याही लक्षात आलं होतं."

"मग तुम्हाला का नको होतं ते?"

ते कोटाच्या गुंडीशी खेळत राहिले. मग म्हणाले, "सोमवारी कुठे जायचं, म्हणून." आणि लगेच, "पण हे काही समितीपुढे मांडण्यासारखं नाही. हा पुरावा नाही."

"समितीने नसतंच लिहून घेतलं. पण मागच्या बाकावर औषधवाल्या बाई होत्या. त्यांनी ऐकलं असतं."

सर माझ्याकडे बघतच राहिले. त्या दालनात मागे माणसं होती, हे त्यांना जणू आत्ता कळत होतं. समितीकडे तोंड करून उभा होता ना माणूस.

"दुकान आत्ता उघडं असेल का?" त्यांनी विचारलं.

"दुपारचं बंद असतं. ऊन उतरलं की उघडतं."

मग ते बसले. टोपली पुढे ओढली आणि शेंगा सोलायला लागले. दाणे सालीत आणि सालं दाण्यांत टाकत होते. सर गेल्यावर मी निवडून घेणारच होते. ऊन भिंतीवरून खाली आलं तसे ते उठले, कोट झटकला आणि जिना उतरून गेले.

मी गॅलरीत आले. औषधांचं दुकान आमच्या गॅलरीतून नीट दिसतं. दुकान उघडलं होतं, बाई आत होत्या, दोन गिऱ्हाईकं होती. सर पायरीशी थांबले. ती गिऱ्हाईकं गेली. मागून एक बाई आली, तिला त्यांनी पुढे जाऊ दिलं. मग एक म्हातारा आला, त्यालाही हाताने पुढे व्हा म्हणाले. रस्त्यावरचे दिवे लागले तरी ते पायरीच्या खालीच होते, आणि आतून औषधवाल्या बाईंनी एकदा मान वर करून बाहेर पाहिलं.